आई ‘स्लिम’ झाली

बडोद्याहून इंग्लंडला निघाले त्या सकाळी आईने माझ्या बॅगेत सहा ब्लाउज कोंबले. कारेलीबागेतल्या आमच्या फ्लॅटखाली अहमदाबाद विमानतळाची टॅक्सी उभी होती, ड्रायव्हर “चालो बेन” म्हणत घाई करत होता, आणि आई मला ब्लाउजची आतली बाजू दाखवत होती. दोन्हीकडे भरपूर कापड दाबलेलं. “अंगाला लागलं की एक शिलाई उसव,” ती म्हणाली. मी पहिल्यापासून काटकुळी. परदेशात जाऊन तरी भरेन, अशी तिला आशा होती.

त्या काटकुळेपणावर आमच्या घरात आधीच मोठा खल झाला होता. लग्नासाठी माझा बायोडेटा इंग्रजीत करायचा ठरला. बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर. मापात सुताचाही फरक त्यांना खपायचा नाही. त्यांनी डिक्शनरी उघडली. थिन, स्लिम, स्लेंडर, तिन्हींपुढे एकच शब्द, सडपातळ. बाबांनी ‘थिन’ लिहिलं, कारण त्यांच्या मते तेच खरं होतं. दादा तेव्हा ट्यूशन क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचा. त्याने ते खोडलं. थिन म्हणजे नुसती बारीक, त्यात कौतुक नाही. स्लिम म्हणजे बारीक पण बांधेसूद. स्लेंडर त्याहून डौलदार, पण ते लांब मानेच्या, लांब बोटांच्या मुलींना शोभतं. स्किनी तर कागदावर आणायचंच नाही, ती चेष्टा झाली. शेवटी ‘स्लिम’ ठरलं. त्या शब्दामुळेच माझं लग्न जमलं असं दादा अजून ऐकवतो, आणि मी वाद घालत नाही.

इंग्लंडमध्ये काही वर्षांनी मी एका केअर होममध्ये नोकरीला लागले. तिथे रोज प्रत्येक म्हाताऱ्या माणसाबद्दल चार ओळी लिहायच्या असतात, काय खाल्लं, झोप लागली का, दिसतात कसे. एका आजींबद्दल मी सलग कितीतरी दिवस ‘स्लिम’ लिहीत राहिले. थोरामोठ्यांबद्दल वाईट कसं लिहायचं? हाताला बायोडेटाचंच वळण होतं. एक दिवस सुपरवायझरने मला बाजूला घेतलं. आजींचं वजन उतरत चाललं होतं आणि माझ्या ओळी वाचून कुणालाच काळजी वाटली नव्हती. ती चिडली नाही. स्लिम ही शाबासकी आहे, एवढंच म्हणाली. काटक माणूस असेल तर लीन लिही. पण कुणी अशक्त, जपून धरावं असं झालं असेल तर फ्रेल लिही, गाल बसले असतील तर गॉन्ट लिही, म्हणजे वाचणारा उठून बघायला जाईल. मी मान खाली घालून ऐकलं. आजी पुढे सावरल्या, पण त्या चार ओळींची धास्ती माझ्या मनातून गेली नाही.

यंदा दादाने घरच्या ग्रुपवर आईचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, ‘आई एकदम स्लिम!’ सगळ्यांनी लाइकचे अंगठे टाकले. मावशीने विचारलं, कुठला योगा करतेस गं? मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

लगेच व्हिडिओ कॉल लावला. आई फोन अगदी नाकासमोर धरून बसली होती. कशी आहेस विचारलं तर म्हणाली, “मजामां.” मजेत असल्याचं हे गुजराती उत्तर ती जिन्यात भेटणाऱ्या शेजारणींना देते, मला तिने ते आजवर कधी दिलं नव्हतं. मी तिला फोन कपाटाला टेकवून लांब बसायला लावलं. ब्लाउज अंगाबरोबर बसलेला, कुठे ढिला नाही. मग केस सारखे करायला तिने हात वर केला आणि बांगड्या घसरत कोपरापर्यंत गेल्या.

दादाला सांगितलं, “दादा, ती स्लिम नाही झाली, वाळलीय. डॉक्टरकडे ने.” रोज समोर असते, मला कसं दिसलं नाही, असं तो म्हणत राहिला. मला त्याचा राग येईना. मीही त्या आजींना रोजच बघत होते.

चौथ्या दिवशी मी बडोद्यात पोचले. दार उघडताच आई म्हणाली, “किती रोडावलीस गं!” मी आता चांगली गरगरीत झालेय. तिला जवळ घेतलं तर हाताला नुसती हाडं लागली.

दुपारी तिचं कपाट उघडलं. प्रत्येक ब्लाउजला आतून एकामागे एक तीन नव्या शिलाया. वजन उतरत गेलं तशी ती मशीनवर बसून ब्लाउज आत घेत गेली होती, कुणाला ढिला दिसू नये म्हणून. मी रडले, मग तिच्यावर रागावले. तू तिकडे, बाबा आता नाहीत, दादाला नोकरी, कशाला कुणाच्या जिवाला घोर, असं तिचं म्हणणं.

तपासण्या झाल्यात. रिपोर्ट परवा येतील. तुम्ही जे इथेच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, त्या सगळ्यांना एवढंच विचारायचंय की आपण एकमेकांना नुसता बायोडेटाच पाठवत असतो का? मला आता घर म्हणजे जिथे खरं ते दिसू देता येतं तेवढीच जागा वाटते, आणि आमच्याकडे ती शिलाईखाली दाबली गेली होती.

मी कात्री घेऊन एका ब्लाउजची सगळ्यात आतली शिलाई उसवायला बसले.

“आत्ताच कशाला? ढिला दिसेल,” आई म्हणाली.

“दिसू दे.”

मग कपाटातून दुसरा ब्लाउज काढून तिने माझ्या मांडीवर ठेवला.