वडीला आमंत्रण होतं

आमच्या ऑफिसात वर्षातून दोनदा माझ्या डोक्याला ताप होतो. एकदा उन्हाळ्यातल्या सोमरफेस्टला आणि एकदा नाताळच्या पार्टीला. पेयं आणि ग्रिलचा कोळसा तेवढा ऑफिसचा, बाकी ज्याने त्याने घरून काहीतरी करून आणायचं. कोण काय आणणार ते लिहा, असा सेक्रेटरीबाईंचा गोड मेल येतो. बाकीचे लोक बटाट्याचं सॅलड, नूडल्सचं सॅलड, केक असं लिहून मोकळे होतात. माझ्या नावापुढे मात्र मी मेल उघडायच्या आधीच लिहिलेलं असतं: काहीतरी इंडियन, फार तिखट नको. पुढे एक हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्याला नाही कसं म्हणायचं, हे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये इतकी वर्षं काढूनही मला कळलेलं नाही.

मी सॉफ्टवेअर तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. पण 'मला जमणार नाही' एवढं म्हणायची वेळ आली की दातखीळ बसते.

त्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे होत्या. सासरे गेल्यावर नवऱ्याने त्यांना साताऱ्याहून आणलं होतं, व्हिसा देतो तेवढ्या तीन महिन्यांसाठी. साताऱ्यात त्यांच्या गल्लीत कुणाकडे काही कार्य असलं की आळूवडी यांच्याच हातची. आणि नुसती करून द्यायची नाही, पंगतीत स्वतः वाढायची. 'घ्या हो, एकीने काय होतंय' म्हणत त्या पानापानाशी थांबायच्या. इथे आल्यापासून मात्र खिडकीशी बसून सायकली बघायच्या. बोलणार कुणाशी? माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की जर्मन. आजी विचारायची, "भूक लागली का गं?" ही म्हणायची, "नाइन." म्हणजे नाही. संपला संवाद. मला दोघींचाही राग यायचा आणि दोघींचीही कीव यायची.

मेल आला त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. तीस माणसांना काय कपाळ करून घालू, कलिंगड नेऊन ठेवते सरळ, असं काहीतरी बडबडत होते. सासूबाई खिडकीपासून उठून आल्या.

"अगं, मी आहे ना! तीसच माणसं ना? हात्तिच्या! आळूवड्या करू."

"अहो आई, आळू कुठून आणायचा इथे?"

पण त्या ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्याच. शनिवारी बाजारात गेलो. मँगोल्ड नावाची एक पालेभाजी मिळते, लांबरुंद पानांची, जाड देठाची. त्यांनी पान उलटं करून शिरा चाचपल्या. "आळूचा लांबचा चुलता दिसतोय. घसा नाही ना खाजवणार?" भाजीवालीला त्यांचं बोलणं कळलं नाही, तरी ती हसली. यांनीही तिला हसून दाखवलं. सासरे गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग घरात नुसता उत्साह. डाळीचं पीठ, चिंच, गूळ, तीळ. ऑफिसात एकाला गहू चालत नाही म्हणून मी हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचली, तर त्यात गव्हाचं पीठ! "हिंगाशिवाय वडी? लोक काय म्हणतील?" असं म्हणून त्या जरा चिडल्या, मग ओवा घालून भागवलं. आदल्या दिवशी उंडे वाफवले. आणि संध्याकाळी मी घरी आले तर आजी आणि नात सोफ्यावर शेजारी शेजारी. नात म्हणत होती, "बिट्टे, नॉख आइन्स!" आजी तिच्यामागून तेच म्हणत होती. म्हणजे, घ्या ना, अजून एक. मुलगी आजीचे उच्चार सुधारत होती आणि चक्क मधेच मराठीत सांगत होती, "आजी, ओठ असे कर."

मी म्हटलं, वा! काय चाललंय?

"उद्या लागेल ना," सासूबाई म्हणाल्या. "मुक्यासारखी कशी वाढू?"

मी वळून पाहिलं. कपाटाच्या दाराला त्यांची जांभळी इरकल इस्त्री करून टांगलेली होती.

पार्टी फक्त कर्मचाऱ्यांची असते, घरचं माणूस न्यायचं नसतं. हे मला इतकं सवयीचं झालेलं, की सांगायचं सुचलंच नव्हतं. आणि ज्याने केलं त्यानेच वाढायचं, हे त्यांना इतकं सवयीचं, की विचारायचं त्यांनाही सुचलं नव्हतं.

मी बाल्कनीत जाऊन सेक्रेटरीबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं, अगदी गयावया केली म्हणा ना. बाई फार प्रेमाने बोलल्या. "किती छान! पण लायडर, दुर्दैवाने नाही जमणार. तुम्हाला हो म्हटलं तर सगळेच आणतील." बरोबर होतं त्यांचं. तेच तर वाईट! भांडायला जागाच ठेवली नाही बाईने. वर म्हणाल्या, "त्यांना आमच्यातर्फे आधीच थँक्यू सांगा."

नवऱ्याला म्हटलं, तुझी आई आहे, तू सांग. तो म्हणाला, तुझं ऑफिस आहे, तू सांग. मग आम्ही दोघंही झोपून गेलो.

सकाळी वड्या तळून डब्यात भरल्या आणि सासूबाई इरकल नेसून, केसांना तेल लावून, दाराशी चप्पल शोधायला लागल्या. आता गत्यंतरच नव्हतं.

"अहो आई... तिथे फक्त ऑफिसची माणसं असतात. घरच्यांना नेत नाहीत. इथे तशी पद्धत नाही."

त्या चप्पल हातात घेऊन उभ्या राहिल्या. "असं होय," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातचं चालतं. मी चालत नाही."

"तसं नाही हो आई..."

"अगं, बरोबरच आहे. ऑफिस आहे ते." चप्पल जागेवर ठेवून त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "पण नुसता ठेवून येऊ नकोस हं टेबलावर. तू वाढ. आग्रह कर."

मी केला. डबा हातात धरून ग्रिलच्या धुरात सगळ्यांपुढून फिरले. बिट्टे, नॉख आइन्स. इथे एकदा 'नको, थँक्यू' म्हटलं की विषय संपतो, पण मी हटलेच नाही. लोक चकित होऊन एकेक घेत गेले. बॉसने चार खाल्ल्या. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं, गेनाऊ, अगदी असंच नाताळला पुन्हा आणा म्हणाले. सेक्रेटरीबाईंनी रिकामा डबा स्वतः घासून, पुसून, लखलखीत करून माझ्या हातात दिला.

घरी आले तर सासूबाई गाऊनवर, खिडकीशी. साडी घडी होऊन कपाटात नाही, बॅगेत गेली होती. मी धडाधड सांगत सुटले, बॉसने चार खाल्ल्या, एक उरली नाही, नाताळला पुन्हा मागितल्यात.

"नाताळला मी कुठे असणार इथे," त्या म्हणाल्या. पण चेहरा खुलला होता. घाईघाईने त्यांनी डबा घेतला आणि झाकण उघडून आत बघितलं. बघतच राहिल्या.

त्यांच्या गल्लीतून डबा कधीच रिकामा परत येत नाही. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात आत.

"रिकामाच दिला गं?" त्यांनी विचारलं. "तीस माणसांत कुणालाच काही घालावंसं वाटलं नाही?"

इथे तशी पद्धत नाही, हे सकाळीच एकदा सांगून झालं होतं.