झेंडूच्या हाराखालचा गरम डबा

खंडेनवमी आली, की चाकणचं ते प्रकरण मला हटकून आठवतं. छाती फुगते आणि थोडी लाजही वाटते. लाज कशाची, ते शेवटी सांगतो.

एका कंपनीतून नव्या गिअरबॉक्सची ड्रॉइंग चोरून बाहेर गेली होती. संगणकाच्या नोंदीत पासवर्ड निघाला टूलरूममधल्या एका कामगाराचा. पंचेचाळिशीचा माणूस, मूळचा बीडकडचा, मोशीत भाड्याने राहणारा. ते नोंदींचे कागद कंपनीच्या संगणक विभागाच्या प्रमुखाने आम्हाला स्वतः काढून दिले. मोठा गोड माणूस, चहा घेतल्याशिवाय सोडायचा नाही.

मी ठाण्याचा प्रभारी होतो. त्या कामगाराला तीन दिवस चौकशीला बसवलं. त्याचं एकच पालुपद: "साहेब, पासवर्ड माझाच हाय. पण ड्रॉइंग म्या न्हाई दिली."

खोटं बोलणारा दर वेळी गोष्ट थोडीतरी बदलतो, हे मी नव्या फौजदारांना शिकवायचो. हा एक अक्षर बदलत नव्हता. तरी मला वाटलं, काय घोटून आलाय लेकाचा! त्याची बायको बाहेर बाकावर बसून असायची. तिला मी सांगून टाकलं, "बाई, दसरा झाला की अटक."

खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजन चाललं होतं. रायफलींना हार घालून झाले आणि कुरुळीची एक मावशी दारात येऊन उभी राहिली. त्याच कंपनीत साफसफाईला होती.

"साहेब, आज कंपनीत समदी मशिनं बंद करून पुसली. हळदकुंकू लावलं. संगणकांनाबी लावलं. एकच बंद न्हाई केला."

"कुणाचा?"

"त्या मोठ्या साहेबाचा, संगणकवाल्या. मी पुसाया गेले तर माझ्यावर वराडला. हार सोता घातला. पर खालचा डबा माझ्या हाताला लागला ना! गरम तव्यावानी."

मला हसूच आलं. म्हटलं, मावशी, गरम डब्यावर गुन्हा दाखल करू का? पण पूजेला आलेली सायबर शाखेची आमची तरुण उपनिरीक्षक ताडकन उठली. "सर, गरम आहे म्हणजे चालू आहे. आणि चालू आहे म्हणजे चावी आत आहे."

"कसली चावी?"

तिने समजावलं. डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करून ठेवता येतं, मग ती डिस्क जप्त करून काही हाती लागत नाही. पण संगणक चालू असताना त्यालाही काम करायला ती चावी लागते आणि तेवढा वेळ ती मेमरीत असते. वीज तोडली की मेमरी पुसली जाते आणि चावी गेली. आम्ही शस्त्रांसमोरचा नारळ तसाच ठेवून निघालो. मावशीही जीपमध्ये बसली.

प्रमुख दारातच हसत आला. "अरे वा, सणाच्या दिवशी! या ना. एक मिनिट हं, पूजेसाठी मशिन बंद करायचं राहिलंय." त्याचा हात बटणाकडे गेला.

"आता व्हय?" मावशी कडाडली. "सकाळी तर मला हात लावू देत नव्हतास!"

मी त्याचं मनगट पकडलं. तेवढ्यात माझ्याच हवालदाराने टेबलाखालचा प्लग धरला. मुद्देमाल जप्त करायचा म्हणजे आधी वायर उपटायची आणि मग लाखेचं सील मारायचं, ही आमची वर्षानुवर्षांची सवय!

"हवालदार, हात काढा!" उपनिरीक्षक एवढ्या जोरात ओरडली, की पंच म्हणून बोलावलेले दोघे भिंतीला चिकटले.

हार बाजूला केला. पडद्यावर फायली बाहेर जात होत्या. सगळे संगणक बंद, कोणी बघणारं नाही, म्हणून पठ्ठ्याने नेमका सण निवडला होता. उपनिरीक्षकेने आधी जाणाऱ्या फायली थांबवल्या, मग पंचांसमोर मेमरीची प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवली. वीज तोडली ती त्यानंतर.

ठाण्यात आल्यावर प्रमुखाचा गोडवा संपला. "डिस्क घ्या ना, साहेब. उघडून दाखवा." तंगडीवर तंगडी टाकून बसला होता. संध्याकाळी मेमरीच्या प्रतीत चावी सापडली. त्याच्यासमोर डिस्क उघडली. चोरलेली ड्रॉइंग, घेणाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार, आणि त्या कामगाराचा पासवर्ड. कंपनीत सगळ्यांना पासवर्ड देणारा हा प्रमुखच तर होता! त्याची तंगडी हळूच खाली आली आणि त्याने पाणी मागितलं. जबाब लिहून घ्यायला मग वेळ लागला नाही. माझ्या उपनिरीक्षकेला मी सगळ्या ठाण्यासमोर सॅल्यूट ठोकला. खरंच सांगतो, असा आनंद नोकरीत फार थोड्या वेळा झाला.

आता लाजेचं. यंत्राची वायर उपटू नका हे त्या पोरीने मला एका दिवसात शिकवलं. माणसाच्या बाबतीत मी मात्र वायर उपटतच आलो होतो. पासवर्ड हाती लागला आणि त्या कामगाराचं ऐकणं मी तिथेच बंद केलं. 'पासवर्ड तुम्हाला दिला कुणी?' हा साधा प्रश्न तीन दिवसांत एकदाही विचारला नाही.

दसऱ्याच्या सकाळी तो ठाण्यात आला, या वेळी बोलावल्याशिवाय. बायको बरोबर होती. तीन दिवस खाली घातलेली मान ताठ होती. मी खुर्चीतून उठलो आणि म्हणालो, "माझं चुकलं."

त्याने खिशातून आपट्याचं पान काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "सोनं घ्या, साहेब."