बाहेरून लावलेलं दार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे भरीत. पिंप्राळ्यातल्या घरामागं कपाशीच्या काड्यांवर मी वांगी भाजली, बायकोनं सोलली, लाकडाच्या बडगीत मी ठेचली. ती दुपार अजून डोळ्यासमोरून हलत नाही. माझी शेवटची केस त्याच दुपारी उघडकीला आली. आरोपी मीच होतो.

मी सातवी शिकलेला. पोलिसात शिपाई म्हणून लागलो, पारोळा, शिरपूर, धुळे करत सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मुलगा परदेशात किराणा दुकान चालवतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही त्याच्याकडं पाहुणे म्हणून गेलो. बाप दुकानात नुसता बसून राहील का? मी पोती उचलली, गिऱ्हाइकाला माल दिला. पाहुण्याच्या व्हिसावर काम करणं तिथं गुन्हा. कुणीतरी खबर दिली. साहेब लोकांनी मला उचललं, रात्रभर खोलीत ठेवलं, दहा बोटांचे ठसे घेतले, दुसऱ्या दिवशी विमानात बसवलं. इथं लोकांना सांगितलं, हवा मानवली नाही.

यंदा नातू झाला. दोघांनी पुन्हा एजंटाकडं अर्ज भरायला दिला. फॉर्ममध्ये प्रश्न होता, व्हिसाच्या कारणावरून कोणत्याही देशात अटक झाली होती का? मी एजंटाला ‘नाही’ लिहायला सांगितलं. ठसे कुठं जात नाहीत, हे मला कळायला हवं होतं. पण भ्यालेला माणूस स्वतःचंच शिक्षण विसरतो.

वांगी सोलताना तिनं विचारलं, त्या प्रश्नाचं काय लिहिलं? मी म्हणालो, ती अटक नव्हती, चौकशीला बसवलं होतं. ठाण्यात आम्ही असंच म्हणायचो. माणूस दोन दिवस आत असला तरी डायरीला नोंद नाही, म्हणजे अटक नाही.

ती गप्प बसली. आपण गप्प बसलं की समोरचा बोलतो, हे तिला मीच कधीतरी सांगितलेलं. मी बोलत सुटलो. ठसे तिथं सगळ्यांचेच घेतात, मला चहासुद्धा दिला, वगैरे. मग मान वर न करता ती म्हणाली, “दार बाहेरून लावेल व्हतं ना?”

“होतं.”

“मंग अटकच शे ती. मन्हा नातूले भेटाले खोटं बोलीसन नही जानं मले.”

भरतात मीठ कमी आहे म्हणालो.

पाच दिवसांनी ती गेली. छातीत कळ आली, दवाखाना यायच्या आत रिक्षातच संपलं.

तेराव्याला मुलाचा फोन आला. आबा, एकटे या, पण ‘नाही’च राहू द्या, ‘होय’ लिहिलं तर नातू फोनवरच बघावा लागेल. मी ऐकून घेतलं. नोकरीत किती जणांना मी म्हणालो असेन, खरं बोल, सुटशील. सुटतोच असं नाही, हे तेव्हाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एजंटाकडं गेलो. अर्ज अजून पाठवले नव्हते, तिचा त्यानं बाजूला काढून ठेवला होता. माझ्या अर्जात ‘होय’ कर म्हणालो.

“आबा, व्हिसा मिळायचा नाही बरं.”

“नाही मिळू दे. लिही.”

सोबत खुलाशाचा कागद जोडायचा होता. तो मीच लिहिला, ठाण्यात लिहायचो तसा. विचारल्यावरून जबाब देतो की, मी मुलाच्या दुकानात काम केलं. मला अटक झाली होती. दार बाहेरून लावलेलं होतं. माझा वरील जबाब वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

खाली सही केली.