रोजचा सोमवार

ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली आहे – होडीवर, खानावळीत, न्हाव्याच्या खुर्चीत – आणि खरं सांगायचं तर एकदाही सांगितलेली नाही. लोक हसतात तिथवर येऊन मी थांबतो. पुढचं आज पहिल्यांदाच लिहितोय.

देवबागला आमचं घर आहे, चार खोल्या पाहुण्यांना देतो. घरात मी आणि सुली, माझी धाकटी बहीण. आई होती, ती तीन वर्षांपूर्वी गेली. माझं लग्न झालं नाही. तो वेगळा विनोद आहे, तो नंतर कधीतरी.

सुलीला ऑटिझम आहे. हा शब्द आम्हाला फार उशिरा मिळाला, ती तिशीला टेकल्यावर. तोवर गावाकडे दुसरे शब्द होते, ते लिहीत नाही. खांद्यावर हात ठेवला तर ती अंग चोरते. भाऊबीजेला ओवाळताना माझ्या तोंडाकडे बघत नाही – एका वर्षी तर माझ्यामागचं कॅलेंडरच ओवाळलंन. मी कॅलेंडरच्या वतीने ओवाळणी घातली. बघा, जमतं मला. विनोद जमतो.

तर काटे. मी नऊ वर्षांचा असताना पेडवा माशाचा काटा माझ्या घशात अडकला. सुक्या भाताचे गोळे गिळवले, पाठीवर बुक्के घातले, घर डोक्यावर घेतलं. पाच वर्षांची सुली दाराआड उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी माझं ताट तिने स्वतःकडे ओढलं, माशाचे काटे काढले, ताटाच्या कडेला लांबीप्रमाणे ओळीने लावले आणि ताट एका बोटाने परत माझ्याकडे सरकवलं. तेव्हापासून रोज. बोलायची नाही, बघायची नाही. फक्त ते बोट.

मला कळत होतं का ते काय आहे? कळत होतं. हे महत्त्वाचं आहे, म्हणून लिहून ठेवतो. डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं की काही माणसं माया अशीच करतात, हातांनी, ठरलेल्या वेळेला. मी मान डोलावली. मला नवीन काही नव्हतं.

खोल्या सुरू केल्या त्या पहिल्याच हंगामात पुण्याचे चार पाहुणे आमच्याबरोबर जेवायला बसले. सुली आली, माझ्याशेजारी बसली, ताट ओढलं. मी तेव्हा चौतीस वर्षांचा, मिशा वगैरे असलेला. पाहुण्यांतली एक बाई हसून म्हणाली, "दादांना आता घास पण भरवणार का?" सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी. म्हटलं, "आमच्याकडे ही सरकारी नोकरी आहे, पेन्शनसकट." सुली काटे लावत होती. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सांगितलं, "सुले, मी मासे सोडलंय."

"किती दिस?"

"कायमचे."

तिने विचार केला. सोमवारी आमच्या घरात मासळी शिजत नाही, एवढं तिच्या हिशेबात पक्कं. "म्हणजे तुझो रोजच सोमवार?"

"होय गो. रोजच सोमवार."

आई चुलीकडून म्हणाली, "मासे सोडलंस? मगे हय रवतंस कित्याक? फोंडाघाट चढ आणि थयच बिनमाशाच्या मुलखात रव!"

इथे लोक हसतात. मग मी पुढचं रंगवून सांगतो – देवबागचा माणूस घरी काळ्या वाटाण्याची उसळ खातो आणि दुपारी मालवणच्या बाजारात खानावळीत चोरून पेडव्याचं तिखलं. लिंबाने हात धुतो, बडीशेप चावतो, दारुड्या नवऱ्यासारखा श्वास रोखून घरात शिरतो. नऊ वर्षं!

जे सांगत नाही ते हे. त्या दिवसापासून सुलीनेही मासे सोडले. मी सांगितलं नव्हतं. "दादाचो सोमवार," एवढंच आईला म्हणाली. जेवताना माझ्याशेजारीच बसायची, हात मांडीवर ठेवून. त्या हातांना काम नव्हतं. मी ते नऊ वर्षं बघितलं, आणि वर वाटाणे वाढून घेतले.

गेल्या वर्षी मी बँकेच्या कामाला मालवणला गेलो आणि डबा घरी विसरलो. सुली रिक्षात बसत नाही. हॉर्न तिला सोसत नाही. त्या दिवशी कानांत कापूस घालून, डबा पोटाशी धरून ती एकटी रिक्षाने मालवणला आली. बँकेत मी नव्हतो. समोरच्या खानावळीत खिडकीपाशी होतो.

ती टेबलाजवळ येऊन उभी राहिली. माझ्याकडे नाही, ताटाकडे बघितलं. कडेला काट्यांचा ढीग होता, कसाही टाकलेला.

"तुका काटे काढूक येतत," ती म्हणाली. डबा ठेवला आणि गेली. रागावली नव्हती. मोजून बघावं तसं म्हणाली.

तिला वाटलं, मला तिची गरज नव्हती, म्हणून खोटं बोललो. तसं नव्हतं. मला तिची लाज वाटली होती. चार अनोळखी माणसं हसली, तेवढ्यावर मी ते बोट बंद केलं. हे मी तिला सांगितलेलं नाही. बरोबर केलं की भित्रेपणा केला? भित्रेपणाच. आणि सोमवाराचा विनोद अजून सांगतो. परवाच होडीवर सांगितला. चांगला हशा आला.

दुसऱ्याच दिवशी घरात आमच्यासाठीही मासळी शिजली. सुली आता खाते. समोर बसते, शेजारी नाही. स्वतःचे काटे काढते, लांबीप्रमाणे लावते. माझं ताट जिथे ठेवते तिथेच राहतं.

मी माझे काटे काढतो. मला येतात.