मध्यावर तुटलेली वायर

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे का, या शंकेपाशी मी आजवर अनेकदा थांबले आणि परत फिरले. आयुष्यभर मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या मथळ्यांपलीकडे स्वतःचे म्हणून मी काही लिहिलेले नाही, आणि वर्गाबाहेर चारचौघांत बोलायची वेळ आली की आजही मी मागच्या रांगेत जाऊन बसते. अशा बाईने उतारवयात लेखणी हाती धरावी हे धाडसच आहे. ते वाचकांनी पोटात घालावे. त्यातून विषय लॅपटॉपच्या चार्जरचा. परंतु मला जे सांगायचे आहे, ते त्या चार्जरला वगळून सांगता येत नाही.

मुलीच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडात लीड्सला गेले होते. लॅपटॉप तेव्हा आजच्याहून जड असत आणि त्यांच्या चार्जरचा काळा ठोकळा चांगला वजनदार असे. जावई आमच्या पुण्याचाच, सॉफ्टवेअर कंपनीने वर्क व्हिसावर पाठवलेला. घर विटांचे, एका ओळीत एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांपैकी एक. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे एकट्या राहणाऱ्या बाईंचा कुत्रा खोकला तरी आम्हांला ऐकू येई. आमच्याकडचेही तिकडे ऐकू जात असेल, हा विचार मला फार उशिरा सुचला.

बाळाचे बारसे आम्ही घरच्या घरी नुकतेच उरकले होते. एका संध्याकाळी जावई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ऑफिसच्या कॉलवर बोलत होता. मध्येच पडदा काळा झाला. त्याने चार्जरला हात लावला, चटका बसून काढून घेतला, आणि भिंतीतला प्लग उपटून तो ठोकळा वायरसकट भिरकावला. ठोकळा पाळण्यावरून गेला आणि भिंतीवर आपटला. घर विटांचे असले तरी तिथल्या आतल्या भिंती पोकळ. प्लास्टर आत गेले आणि पांढरा भुगा बाळाच्या दुपट्यावर पडला. बाळाने दोन्ही हात एकदम वर फेकले, क्षणभर श्वास धरला आणि मग किंचाळायला सुरुवात केली.

"आई, तुम्ही बसा," जावई माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाला. "टेन्शन घेऊ नका. चहा टाकू का?"

जेवताना विषय पुन्हा निघाला.

"हा दुसरा चार्जर. ऑफिसात आता तिसरा कोणत्या तोंडानं मागू?" तो म्हणाला. "तुमच्या लेकीलाच विचारा. प्लग धरून काढायचा सोडून वायर धरून ओढते. फिजिक्सच्या बाईंची मुलगी!"

"मी त्याला हातसुद्धा लावत नाही," मुलगी म्हणाली.

"बघा. उलट उत्तर तयार."

तो हसत होता. त्याचा एक हात टेबलाखाली होता आणि मुलीचाही. तिच्या दुसऱ्या हातातला चमचा थरथरू लागला आणि आमटी ताटाबाहेर सांडली. तिचा हात टेबलावर आला तेव्हा मनगटावर त्याच्या बोटांचे पांढरे ठसे होते, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत लाल होत गेले. मी आमटी पुसली. त्या दिवसांत मी त्याला अहो-जाहो करीत असे. "भात घेता ना?" एवढेच मी विचारले.

दुसऱ्या दिवशी मात्र मी ठरवले की हा चार्जर का तापतो हे शोधून काढायचे. दोष वस्तूचा आहे हे दाखवून देता आले, तर मुलीवरचा आळ जाईल, इतका साधा माझा हिशेब होता.

ऑफिसला जाताना जावई हा लॅपटॉप घरीच ठेवून जाई. आधी मी भिंतीतले सॉकेट पाहिले. त्यात केटल लावली, पाणी उकळले. तिकडच्या प्लगच्या पोटात एक छोटा फ्यूज असतो. तो काढून दिव्याच्या प्लगमध्ये घातला, दिवा लागला. मग वाटले, चार्जर सोफ्याच्या उशांत दबला जात असेल, आतली उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नसेल. म्हणून तो मोकळ्या फरशीवर ठेवला. तरी तो तापला, आणि लॅपटॉपवरचा चार्जिंगचा दिवा लागे, विझे, पुन्हा लागे. संध्याकाळी जावई घरी आला तेव्हा मी फरशीवर मांडी घालून बसले होते.

"काय प्रोफेसर, लागला का शोध?"

"अजून नाही."

"तोवर निकाल लागेल आमचा," तो म्हणाला, आणि जिन्यावरून वर जाता जाता त्याने मुलीला खांद्याने असा धक्का दिला की ती कठड्यावर आपटली. वाट अरुंद होती. तसेच झाले असेल, असे मी स्वतःला सांगितले.

"आई," मुलगी म्हणाली, "बाळाला जरा बाहेर फिरवून आणतेस? नीट गुंडाळून ने."

हे रोजचेच झाले होते. तो घरी आला की ती मला बाळाला घेऊन बाहेर पाठवी. बाहेर अंधारून आलेले असे, वारा कानात शिरे, आणि मी प्रॅम ढकलत कोपऱ्यावरच्या बागेला वळसे घाली. तरुण जोडप्याला घरात दोन घटका एकांत हवा असेल, हे मला समजण्यासारखे होते. मी मुद्दाम एक वळसा जास्त घालत असे. परत आल्यावर दार उघडण्याआधी मोठ्याने खाकरतही असे.

आणखी एक गोष्ट मला खुपत होती. बाळंतिणीला तेल चोळायला तिकडे बाई कुठून मिळणार? तेव्हा ते काम मीच करायचे म्हणून पुण्याहून तेलाची बाटली चार पिशव्यांत गुंडाळून नेली होती. मुलगी पाय चोळू देई, हात चोळू देई. पाठीला हात लावू देत नसे. "मिडवाइफनं नको सांगितलंय," म्हणे. परदेशातल्या दवाखान्याचे काही नियम असतील, असे मानून मी बाटलीचे झाकण लावून ठेवी.

पुढच्या दिवशी दुपारी, जावई ऑफिसात असताना, मी वायरीकडे वळले. चार्जर लावला, एका हाताने वायर थोडी थोडी वाकवत निघाले आणि नजर लॅपटॉपवरच्या दिव्यावर ठेवली. प्रयोगशाळेत आम्ही असाच खंड शोधत असू. वायर ओढल्याने तुटते ती टोकांशी: प्लगच्या मानेत, ठोकळ्याच्या तोंडाशी, नाहीतर लॅपटॉपमध्ये जाणाऱ्या पिनेपाशी. तिन्ही ठिकाणी ती धड होती. मी पुढे सरकले. ठोकळ्यापासून पिनेपर्यंतच्या लांब वायरीच्या अगदी मध्यावर दिवा विझला. तिथे बोटांना ऊब लागली. आतले धागे तुटून एकमेकांत गुंतले होते. म्हणून ठोकळा तापत होता आणि वीज पुढे जात नव्हती. निदान झाले, मला बरे वाटले, आणि लगेच प्रश्न पडला. वायरीचा मधला भाग जमिनीवर नुसता पडून असतो. त्याला ओढ नाही, वाक नाही. मग तो तुटेल कशाने?

वायर सोडली तेव्हा ती त्याच जागी आपोआप दुमडली. तिला तशी सवय लागली होती. पिन काढून ती उचलली तेव्हा दोन्ही टोके माझ्या उजव्या मुठीत आली आणि दुमडलेले टोक खाली लोंबत राहिले. मूठ आपोआप आवळली गेली. वस्तू कशी धरायची हे ती वस्तूच सांगत होती.

मुलगी खिडकीपाशी बाळाला पाजत होती. मी तशीच तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने वायरीकडे पाहिले आणि दुसऱ्या कशाच्याही आधी बाळाचे डोके तळहाताने झाकले.

"पाठ दाखव," मी म्हटले.

तिने वाद घातला नाही. स्वेटर वर केला तेव्हा दिसले: दुमडलेल्या दोरीच्या टोकासारखे, घोड्याच्या नालेच्या आकाराचे वळ. एकावर एक. काही पिवळे पडलेले, काही जांभळे, एकावरची खपली ओली. अशा पाठीने ती रोज बाळाला उचलत होती.

"कधीपासून?"

"पहिला चार्जर होता तेव्हापासून."

"मी इथे आल्यावरसुद्धा?"

"तू बागेत जायचीस ना," ती म्हणाली. "बाळ घरात नको म्हणून पाठवायचे."

मारल्याने वायर तुटत होती आणि वायर तुटली म्हणून मार बसत होता. मी दोष शोधायला निघाले होते तो असा सापडला.

"पोलिसांना सांगू या."

"नको. आई, ऐक माझं. तू महिन्याभरानं जाशील, मला इथंच राहायचंय. तू ती जोडून दे. चार्जर चालू असला की तो शांत असतो. मी काहीतरी करणार आहे, पण माझं मी ठरवीन. तू फक्त जोडून दे."

मी हो म्हणून मान हलवली. सुरी आणि काळी चिकटपट्टी घेऊन टेबलापाशी बसले. वरचे आवरण सोलायचे, आतली तार आतल्या तारेला आणि बाहेरची जाळी बाहेरच्या जाळीला पिळायची, मध्ये पट्टी गुंडाळायची. काम सोपे होते. ते मी केले नाही. अंधार पडेपर्यंत वायर पुढ्यात घेऊन बसून राहिले.

जावई आला. जाकीट न काढताच त्याने विचारले, "लागला शोध?"

"लागला. मध्यावर तुटलीय."

त्याने वायरीकडे पाहिले. "जोडता येईल ना?"

"येईल."

"मग द्या की, आई. माझा कॉल आहे."

मी स्वयंपाकाची कात्री उचलली आणि वायर मध्यावर कापली. झालेल्या दोन तुकड्यांचे आणखी तुकडे केले.

"ए म्हातारे," तो म्हणाला. इतके दिवस तो मला तुम्ही म्हणत होता. "काय केलंस हे?"

पहिल्या थपडेत चष्मा गेला. मग त्याने माझा अंबाडा मुठीत धरला आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटले. दाताचा तुकडा जिभेवर आला. रक्त खारट लागले. तो डोके पुन्हा वर ओढत होता तेव्हा मला मुलीचे पाय दिसले. डाव्या हातावर बाळ होते. उजव्या हाताने तिने टेबलावरचा ठोकळा उचलला आणि त्याच्या कानशिलावर घातला. एकच फटका, पण पूर्ण ताकदीचा. केसांवरची मूठ सुटली. तो खुर्चीला धरत धरत खाली बसला. कानातून रक्त गळ्यावर उतरत होते आणि तो चकित होऊन तिच्याकडे पाहत होता.

आम्ही अनवाणी बाहेर पडलो. पलीकडच्या बाईंनी दार आधीच उघडून धरले होते. त्यांनी काही विचारले नाही. कुत्र्याला कोचावरून खाली उतरवले आणि जागा करून दिली. पोलिसांना त्यांनीच बोलावले.

त्याचा तो कान पुढे नीट झालाच नाही. पाठीवरचे वळ पोलिसांनी पाहिले, फोटो काढले. तरी त्या एका फटक्याचा जबाब मुलीला पुन्हा पुन्हा द्यावा लागला. कालांतराने ती त्या चौकशीतून आणि त्या लग्नातूनही सुटली, तिकडेच स्थिरावली. आता तिचा संसार तिचा आणि मुलाचा आहे. मी दरवर्षी जाते. तेल नेते; आता ती पाठ चोळू देते.

एकदा चोळताना ती म्हणाली, "मी आयुष्यात कोणाला मारलं नव्हतं, आई. मी माझ्या पद्धतीनं निघाले असते. तू वायर कापलीस आणि मला त्याच्यासारखं केलंस."

"तू नसतीस निघाली," मी म्हटले.

"ते तुला काय माहीत?"

मला माहीत नव्हते. आजही नाही. तिच्या पाठीवर काही वळांच्या जागी फिकट रेघा राहिल्या आहेत. माझा हात त्यांवरून जाताना हळू होतो, आणि तो हळू झालेला तिला कळतो. तिने मला स्पष्ट सांगितले होते आणि मी मान हलवली होती.

वाचकहो, मी ती वायर जोडून द्यायला हवी होती का?