मिशीवाल्यांची असली पार्टी

राघोकाकाची कॅसेट टेपने गिळली, तेव्हा बटणावर बोट त्याच्या पुतण्याचं, सुयोगचं होतं. गाणी मोबाइलमध्ये उतरवून काकाला खूश करायचं, एवढाच त्याचा साधा बेत. त्यासाठी त्याने वाशिंदच्या मित्राकडून जुना टेपरेकॉर्डर मागून आणला, कॅसेट घातली, आणि पहिलं गाणं संपायच्या आत आतून घरघर सुरू झाली. झाकण उघडलं तर फीत शेवयांसारखी बाहेर. ओढून काढताना ती तुटलीही. राघोकाकाने त्या शेवया एका पिशवीत भरल्या आणि पिशवी ओटीवरच्या खुंटीला अडकवली. येणारा-जाणारा विचारायचा, आणि गीताकाकी सुयोगकडे बोट दाखवायची.

किन्हवलीत इंग्रजी गाणी ऐकणारा राघोकाका हा एकटाच. तरुणपणी तो वाशिंदला कारखान्यात होता. तिथे मशीन बसवायला आलेल्या गोऱ्या साहेबाने जाताना ती कॅसेट त्याच्या हातात ठेवली. कव्हरवर लांब केसांचे चार मिशीवाले गवतात गिटार घेऊन बसलेले. बँडचं नाव कोणाच्या जिभेवर बसलं नाही. घरात ते ‘मिशीवाले’च झाले. राघोकाकाला शब्द कळत नव्हते, पण चाल थेट आत उतरायची. तेव्हा तो गोमाच्या पार्टीत, म्हणजे हळदी-लग्नांत वाजवणाऱ्या बँडमध्ये, बेंजो वाजवायचा. एका हळदीत त्याने मिशीवाल्यांची चाल छेडली, तर नाचणारी मंडळी एकेक करून खुर्च्यांवर जाऊन बसली, आणि एक म्हातारा डोळे पुसायला लागला. गोमाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, हे घरी वाजव, इथे लग्न आहे.

तर हे मिशीवाले नवी मुंबईत येणार, असं कळताच सुयोगने दोन तिकिटं काढली. कॅसेट गेली, निदान माणसं तरी दाखवू. काकाचा चेहरा फुलेल, अशी त्याची अपेक्षा. काकाने मोबाइलवरचं पोस्टर डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, परत जवळ नेलं.

“हे पाच हायत,” तो म्हणाला. “आन मिशी एकालाच.”

सुयोगने समजावलं, की एक वारला, दोघे थकले, त्यांच्या जागी नवे घेतले, वर एक जादा. राघोकाका ‘हां’ म्हणाला, पण तो ‘हां’ पोलिसाचा होता. कारण सुपारीचं हे गणित त्याला चांगलंच ठाऊक होतं. लग्नाची दाट तीथ असली, की गोमा एकाच दिवशी किन्हवली, डोळखांब आणि मुरबाडची सुपारी घ्यायचा. सगळ्यांना सारखे लाल टी-शर्ट, आणि प्रत्येक मांडवात एकच निरोप: गोमा मागच्या टेम्पोत आहे. मुरबाडला तर राघोकाकाच काळा गॉगल लावून रात्रभर गोमा झाला होता. यजमानांनी त्याच्या गळ्यात हारसुद्धा घातला. मग एवढ्या लांबून, समुद्रापलीकडून येणारी पार्टी असली माल पाठवेल, हे त्याने का मानावं?

“नाय रे, दोन नंबरची टीम आसंल,” तो म्हणाला. “त्यांना कोन वळखतंय इथं?”

गीताकाकीने सुनावलं, की जाऊन बघा तरी, नायतर घरी बसून माझ्या डोक्याशी बेंजो नको. राघोकाका इस्त्रीचा शर्ट घालून सुयोगच्या गाडीत बसला. वाटेत तो एकदाच बोलला. चाळीस वर्षं ज्याला आपला समजलो तो दुसराच निघाला, तर पिशवीतल्या शेवयाही फेकून देणार म्हणाला.

सभागृहात त्याचं लक्ष गाण्यापेक्षा वायरींवर. पडद्यामागे कॅसेट लावली नसेल कशावरून? ढोल बडवणारा पोरगा काल दाढी फुटल्यासारखा. आजूबाजूला जीन्स घातलेले आजोबा-आज्या हात हलवत गात होते. ही टाळ्यांना आणलेली भाड्याची माणसं, असं त्याने सुयोगच्या कानात सांगितलं. सगळ्यात वाईट म्हणजे एकही सूर चुकत नव्हता.

शेवटी त्याने सुयोगचं मनगट धरलं. आमच्या हळदीत, म्हणाला, पार्टी नकली वाटली की नवरदेवाचा मामा ठरल्याबाहेरची फर्माईश करतो. तू कर. बी साइडचं तिसरं.

सुयोगने मागेपुढे पाहिलं. त्या चकचकीत सभागृहात, अत्तर लावलेल्या माणसांच्या मध्ये ओरडायचं? पण खुंटीवरची पिशवी डोळ्यांसमोर आली. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत तो उभा राहिला आणि कॅसेटच्या कव्हरवर वाचलेलं नाव त्याने जीव खाऊन पुकारलं.

मिशीवाला म्हातारा थांबला. कानामागे हात धरून त्याने पुन्हा विचारलं. सुयोगने पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्याने साथीदारांकडे पाहिलं. चौघांनीही माना हलवल्या, त्यांना येत नव्हतं. मग त्याने स्टूल ओढलं, साधी गिटार मांडीवर घेतली आणि एकटाच गाऊ लागला. आवाज थोडा घोगरा, थोडा थकलेला. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला तो अडला. पुन्हा मागून आला, पुन्हा तिथेच अडला. मग स्वतःशीच हसला आणि शब्द सोडून नुसतं ‘ला ला’ करत पुढे गेला. लोकांनी सांभाळून घेत टाळ्या वाजवल्या.

सुयोग खुर्चीत खाली खाली सरकला. संपलं सगळं. आता परतीच्या वाटेवर पिशवी उल्हास नदीत जाणार. त्याने हळूच शेजारी पाहिलं. राघोकाकाची बोटं गुडघ्यावर बेंजोच्या पट्ट्या दाबत होती, आणि चष्मा त्याने काढून खिशात घातला होता.

“काका,” सुयोग चाचरत म्हणाला, “तो तर विसरला. म्हंजे हा पण डुप्लिकेटच ना?”

“डुप्लिकेट पाठ करून येतो रे.”