डिफरन्शियलचा वरचा बोल्ट

हसू नका असं आधी सांगून काही उपयोग होत नाही, हे मला अनुभवाने कळलंय. तेव्हा खुशाल हसा. फक्त चहाचा घोट तोंडात असताना नको, कारण मागच्या वेळी हाच किस्सा सांगताना माझा एक शर्ट गेलाय. तर मी एका रविवारी स्वतःच्या गाडीचं तेल स्वतः बदललं. बदललं म्हणजे काढलं. घालायचं राहिलं.

आधी गाडी कशी आली ते सांगतो. माझे सासरे, आप्पा, डोंबिवलीचे. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत आयुष्यभर फिटर होते. घरातला नळ, पंखा, शेजारणीची शिलाई मशीन, काहीही बिघडो, आप्पा पाना घेऊन हजर. आणि मी ठाण्यात बाळकुमला राहणारा, ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसणारा जावई. लग्नाला अठरा वर्षं झालेली. तेवढ्या वर्षांत आप्पांनी मला 'हे जरा धरा' यापलीकडे कधी काम सांगितलेलं नव्हतं. टॉर्च धरा. शिडी धरा. 'मंदारराव' अशी मानाने हाक मारायचे आणि हातात टॉर्च द्यायचे.

आप्पांचं गाव चिपळूणच्या पुढे, डोंगराच्या पोटात. शेवटचा उतार असा की भाड्याच्या गाड्या वरच थांबतात. गुडघे गेले तसं आप्पांचं गाव सुटलं. जेवताना मध्येच म्हणायचे, "मी लावलेली कलमं आता केवढी झाली असतील हो?" आणि पुन्हा आमटीत पोळी बुडवायचे. ते ऐकून ऐकून मी एक जुनी गाडी घेतली, चारही चाकांना ताकद पोचवणारी. सोमवारी सकाळी निघायचं ठरलं. आप्पा आदल्या दिवशी, रविवारी, जेवायला आमच्याकडे येणार आणि मुक्काम करणार होते.

गाडी विकणाऱ्याने सांगितलेलं की डिफरन्शियलचं तेल बरेच दिवस बदललेलं नाही. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मध्ये गाडीच्या पोटाखाली जो लोखंडी गोळा लटकतो ना, तो. त्याला दोन बोल्ट. खालचा उघडला की जुनं तेल पडतं, वरच्यातून नवीन भरायचं. बस, इतकंच. गॅरेजवाला कशाला? मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. आप्पा येतात, मी गाडीखालून काळे हात घेऊन बाहेर येतो आणि म्हणतो, "आप्पा, जरा टॉर्च धरता?"

फोनवर एक व्हिडिओ बघितला. एक दाढीवाला माणूस सुरुवातीची दोन मिनिटं नुसता बोलत होता, ती मी पुढे ढकलली. त्या दोन मिनिटांत तो काय सांगत होता, ते मला नंतर कळलं.

सकाळी नऊला पार्किंगमध्ये उतरलो. गाडी उंच, त्यामुळे जॅक न लावता आत शिरलो. पोट थोडं आत घ्यावं लागलं. खालचा बोल्ट एका झटक्यात सुटला. काळंकुट्ट तेल तसराळ्यात पडायला लागलं, आणि वास? सडकी अंडी बरी. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू खाली येऊन विचारून गेल्या, कुणाचा गॅस लीक आहे का. मी गाडीखालूनच म्हटलं, "नाही काकू, काम चालू आहे." काय रुबाब वाटला म्हणून सांगू.

खालचा बोल्ट परत बसवला आणि वरच्याकडे वळलो. तो हलेना. जोर लावला. हलेना. पान्यावर हातोडी मारली. मग पान्याला लोखंडी पाइप जोडून त्यावर लोंबकळलो. साडेदहा वाजले, अकरा वाजले. आता गाडीत तेल नाही, भरायची वाट बंद, आणि तेलाशिवाय गाडी गॅरेजपर्यंतही नेता येत नाही. दाढीवाला पहिल्या दोन मिनिटांत हेच सांगत होता. आधी वरचा सुटतो का बघा, मगच खालचा उघडा.

साडेअकराला आप्पा आले, ठरल्यापेक्षा तासभर आधी. हातात बॅग, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि एका पिशवीत कलमांना घालायला म्हणून कसलंसं खत. गेटमधून आत आले आणि थबकले. दोनदा नाकाने हवा ओढली.

"गिअर ऑइल," म्हणाले. "आमच्या वर्कशॉपमध्ये हाच वास. कोण करतंय काम?"

"मीच," मी म्हटलं. "झालं सगळं."

का म्हटलं? अहो, त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. पाठीवर थाप मारली. वर जाऊन सईला म्हणाले, "तुझ्या नवऱ्याने कमाल केली." डोंबिवलीच्या मित्रालाही फोन केला, "आमचे जावई डिफरन्शियलचं तेल घरी बदलतात." मी बाथरूममध्ये हात धूत होतो आणि साबण संपत आलेला.

जेवण झाल्यावर आप्पा म्हणाले, "चला, कळव्यापर्यंत एक चक्कर मारून येऊ. नवीन तेल घातलंय, एकदा चालवून बघायला हवी."

"आप्पा, ऊन आहे."

चारला म्हणाले, ऊन उतरलं. मी म्हटलं, डोकं दुखतंय. साडेचारला त्यांनी बाम आणून दिला. मी म्हटलं, थोडं पडतो. पडलो आणि छताकडे बघत राहिलो.

पाच वाजता दारात येऊन उभे राहिले. आवाज अगदी हळू होता.

"मंदारराव, एक बोलू? गावाचं राहू द्या. लांबचा प्रवास आहे, तुमच्या मनात नसेल तर काही हरकत नाही. मी उगाच हट्ट धरला."

झालं. हसणं तिथेच संपलं बघा. माझ्या एका 'झालं सगळं'मुळे या माणसाला वाटत होतं की जावयाला आपण जड झालोय. बाहेर सोफ्यावर त्यांची बॅग होती. तिची चेन त्यांनी पुन्हा लावून ठेवलेली.

मी उठून बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तेल काढलंय, घातलेलं नाही. बोल्ट सुटत नाही. खोटं बोललो.

आप्पांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मग म्हणाले, "टॉर्च घ्या."

खाली गेलो. गुडघे दुखत असतानाही त्यांनी चटई अंथरली आणि गाडीच्या मागून आत डोकं घातलं. मी टॉर्च धरला. मिनिटभराने आतून आवाज आला.

"तुम्ही कुठल्या बाजूने आत शिरलात?"

"पुढच्या."

"आणि पाना कसा फिरवलात?"

मी हवेत हात फिरवून दाखवला, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. बोल्ट तसाच सुटतो, हे मला नक्की माहीत होतं.

"मंदारराव, या बोल्टचं तोंड मागे आहे. तुम्ही त्याच्या पाठीमागून हात घातलात. तुमचं उलट म्हणजे त्याचं सुलट." थोडं थांबून म्हणाले, "दोन तास तुम्ही तो घट्ट करत होतात. काम मात्र चोख झालंय."

सई जिन्यात बसून डोळे पुसत होती. रडत नव्हती.

आता तो बोल्ट आप्पांनाही सुटेना. शेवटी बाळकुम गावातल्या पाटील मेस्त्रींना बोलावलं. ते स्कूटरवर आले, गाडीखाली गेले, बराच वेळ खडखडाट केला, आणि घामाघूम होऊन बाहेर आले. बोल्ट सुटलेला. त्यांनी तो आमच्या नाकासमोर धरला.

"ह्यो कुनी टाईट केला?"

मी तोंड उघडणार, इतक्यात आप्पा म्हणाले, "मी. वय झालं, अंदाज राहिला नाही."

"बाबा, ह्या वयात कशाला हात घालताव गाडीत? त्या गोळ्याच्या हाउसिंगला चीर गेली असती म्हंजे?" मेस्त्रींनी त्यांना चांगलं पाच मिनिटं ऐकवलं. आयुष्यभर फिटर असलेला तो माणूस, पान्याने बोल्ट कसा सोडतात हे मान खाली घालून ऐकत होता.

आणि मी काय केलं? मेस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, म्हाताऱ्या मानसावर लक्ष ठेवा." मी म्हटलं, "हो, यापुढे ठेवतो."

सोमवारी आम्ही गेलो. गाडी तो उतार उतरली आणि चढलीही. आप्पा एकेका कलमाला हात लावून आले, खत घातलं, आणि परतीच्या वाटेवर माझ्या शेजारच्या सीटवर शांत झोपले.

आप्पांना जाऊन आता दोन वर्षं होतील. पाटील मेस्त्रींना ते माहीत नाही. रस्त्यात भेटले की अजून विचारतात, "काय भाऊ, सासरं गाडीला हात नाय ना लावत आता?"

मी म्हणतो, "नाही हो, आता नाही लावत."

आणि मेस्त्री माझ्या पाठीवर थाप मारतात. म्हणतात, जावई असावा तर असा.